दिवा लागला म्हणजे सेन्सर बिघडलाच का?

आम्ही मराठीचे शिक्षक. वर्गात काना-मात्रा तपासणे हे आमचे काम, गाडीच्या पोटात डोके घालणे हे नव्हे. तेव्हा ह्या पानावर आम्ही डिझेल गाडीच्या धुराविषयी लिहू लागलो हे पाहून वाचकांना नवल वाटेल. पण गेली काही वर्षे ज्या ज्या मराठी घरी आम्ही जातो, गणपतीला असो की लग्नाला, तेथे जेवणे आटोपली की बोलणे फिरून फिरून एकाच विषयावर येते. गाडीचा पिवळा दिवा लागला, गॅरेजवाल्याने सेन्सर बदलला, आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागला. आमच्या घरातच हा प्रकार घडला तेव्हा आम्ही जे पाहिले आणि शिकलो, ते वाचकांपुढे ठेवणे आम्हांस योग्य वाटते.

आमचे मेहुणे हेन्रिएटाला राहतात. वडिलार्जित थोडी जमीन आहे, तीत कोबी, फ्लॉवर, शूशू आणि हंगामाप्रमाणे पालेभाजी करतात. पहाटे भाजी भरायची आणि उजाडण्याआधी बाजार गाठायचा, हा त्यांचा नित्यक्रम. म्हणजे दुहेरी केबिनची ती डिझेल गाडी त्यांच्या घरातली एक कमावती व्यक्तीच समजा. २०२३ सालच्या जुलै महिन्यात ती चढावर जोर धरीनाशी झाली आणि समोर पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने यंत्र जोडून पाहिले. कोड आला पी ०५४६. तो म्हणाला, एसापमांचे तापमान फार वाढल्याचे संगणक सांगतो, सेन्सर गेला. सेन्सर बदलला, दिवा विझला. आठ दिवसांनी परत लागला. तेव्हा तो म्हणाला, आधीचा सेन्सर नकली निघाला असेल, ह्या वेळी चांगल्या कंपनीचा घालू. तोही घातला. पुन्हा तेच. दोन्ही सेन्सर मिळून मेहुण्यांच्या जवळजवळ महिन्याभराच्या भाजीचा नफा गेला, आणि गाडी तीन दिवस उभी राहिली ते वेगळेच.

आता हा सेन्सर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. संवेदक हा शब्द आम्हीच मुलांना शिकवतो, पण गॅरेजात जाऊन संवेदक मागितला तर दुकानदार आमच्या तोंडाकडे पाहत राहील, म्हणून येथे सेन्सरच म्हणू. नव्या डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी एक गाळणी असते. ती भरली की गाडीचा संगणक इंजिनात थोडे जास्त डिझेल उशिरा सोडतो, ते पुढे नळीत जळते, धूर सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापतो आणि गाळणीतली काजळी जळून जाते. हे काम नीट होते आहे की नाही, आग मर्यादेत आहे की नाही, हे पाहण्यासाठी नळीत ठिकठिकाणी तापमान मोजणारे सेन्सर बसवलेले असतात. कोठे दोन, कोठे तीन-चार. त्यांतल्या एकाचा जरी भरवसा वाटेनासा झाला, तरी संगणक गाळणी जाळण्याचे काम थांबवतो आणि इंजिनाचा जोर कमी करतो. गाळणी भरतच जाते. एरवी किरकोळ वाटणाऱ्या ह्या सेन्सरापायी गाडी बसते ती अशी.

आमच्या बेटावर ह्याचा त्रास जास्त का, हेही समजण्याजोगे आहे. बेटाची लांबी सारी पासष्ट किलोमीटर. प्लेझान्सपासून ग्रां बेपर्यंत मोटारवे आहे खरा, पण आपल्यापैकी बहुतेकांचे जाणे-येणे शेत, शाळा, बाजार एवढेच, आणि उरलेला वेळ पोर्ट लुईच्या गर्दीत उभे राहण्यात जातो. गाळणी जळायला गाडी सलग वेगाने चालावी लागते, ती वेळ तिला मिळतच नाही. त्यात वाक्वाची बाजू सदा ओली, आणि तामारँ, फ्लिक-आँ-फ्लाककडे खारा वारा. गाडीखालच्या वायरींचे सांधे हिरवे पडायला आणखी काय पाहिजे?

सेन्सरच्या आत काही जादू नाही. काहींत प्लॅटिनमची बारीक तार किंवा पट्टी असते. ती तापली की विजेला होणारा तिचा अडथळा वाढतो. काहींत दुसऱ्या जातीचा पदार्थ असतो, त्याचा अडथळा तापल्यावर उलट कमी होतो. हा दुसरा गुण फॅरडे ह्या शास्त्रज्ञाने १८३३ साली प्रथम टिपला, म्हणजे आमच्या बेटावर शर्तबंद मजुरांचे पहिले जहाज लागले त्याच्या आदल्या वर्षी. संगणक सेन्सरला पाच व्होल्टपर्यंतची वीज देतो आणि परत काय येते त्यावरून तापमानाचा हिशेब करतो. तेव्हा संगणकाला खरे म्हणजे तापमान दिसतच नाही, त्याला व्होल्ट दिसतात. पी ०५४६ ह्या कोडचा अर्थ धूर फार तापला असा नसून, पहिल्या सेन्सराच्या वाटेवर व्होल्टचा आकडा वाजवीपेक्षा वर गेला, एवढाच आहे. पी ०५४५ म्हणजे आकडा खाली गेला. आणि ही वाट म्हणजे सेन्सर, त्याची वायर, प्लग, सांधे आणि थेट संगणकापर्यंतचा सारा प्रवास. वायर तुटली तरी हाच कोड येईल. गॅरेजवाल्याने कोडमधला सेन्सर हा शब्द वाचला आणि पुढचे वाचलेच नाही, असे आम्ही म्हणतो ते ह्यासाठी.

हे आम्हांला कोणी सांगितले? वाक्वाच्या बाजूला एक वृद्ध मेकॅनिक राहतात. बसगाड्यांच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. सारा मोहल्ला त्यांना तोंतों म्हणतो, आम्ही काका म्हणतो. त्यांना संगणकाचे काय कळणार, असे मेहुण्यांना वाटत होते. आम्हांलाही थोडेसे वाटत होते, हे कबूल केले पाहिजे.

काकांनी पहिली अट घातली ती अशी, की गाडी रात्रभर त्यांच्या अंगणात उभी राहील आणि सकाळी त्यांच्या आधी कोणी किल्ली फिरवायची नाही. सकाळी कडाक्याची थंडी होती. त्यांनी आधी जुनी नोंद पुसली. कारण दोष एकदा नोंदला गेला की काही गाड्यांचा संगणक खरा आकडा न दाखवता एक ठरीव आकडा दाखवीत राहतो, आणि आपण त्यालाच खरे मानून बसतो. मग इंजिन न चालवता नुसती किल्ली फिरवली आणि नातवाच्या मोबाइलवर आकडे वाचले. इंजिनाच्या पाण्याचे तापमान सोळा, आत येणाऱ्या हवेचे पंधरा, धुराच्या तिन्ही सेन्सरांचे पंधरा-सोळा.

"बघ मास्तर," काका म्हणाले, "रात्रभर थंड पडलेल्या गाडीत सगळ्यांनी एकच बोललं पाहिजे. ह्यांच्यात एकजण जरी पन्नास म्हणाला असता, तर त्याला धरला असता. इथं तर सगळे खरं बोलतायत."

"मग काका, बिघाड कुठाय?" आम्ही विचारले.

"बिघाड उभ्या गाडीत नाही, हलत्या गाडीत आहे."

मेहुणे म्हणाले, "भावोजी, हेच मी त्या गॅरेजवाल्याला सांगत होतो, की खड्ड्यातून गेलं की दिवा लागतो. त्यानं ऐकून घेतलं नाही."

काकांनी इंजिन चालू करवले आणि गाडीखाली सरपटत जाऊन वायरींचा जुडगा हातभर हातभर धरून हलवू लागले. भाचा वर मोबाइल धरून आकडे मोठ्याने वाचत होता. एका ठिकाणी हात लागताच पहिल्या सेन्सराचा आकडा एकदम हजारावर उडाला आणि खाली आला. धूर तर इतक्या क्षणात तापू शकत नाही. पण काका एवढ्यावर थांबले नाहीत. इंजिन बंद करून त्यांनी सेन्सराचा प्लग काढला. आकडा वर जाऊन बसला. मग वायरीच्या बाजूच्या दोन पिनांमध्ये तारेचा तुकडा घालून त्या जोडल्या. आकडा तळाला गेला. म्हणजे संगणक ठीक, त्याला दोन्ही टोके कळतात. आता सेन्सर बाजूला लोंबत असताना, त्याचा काही संबंध उरलेला नसताना, त्यांनी पुन्हा तीच जागा हलवली. आकडा तळावरून परत वर उडाला.

ही एक कृती आमच्या मनात घर करून राहिली आहे. आरोपी खोलीबाहेर बसला आहे आणि चोरी पुन्हा झाली! ह्याहून निराळा पुरावा कोणाला हवा?

ती जागा गिअरबॉक्सच्या एका पट्टीवर होती. पूर्वी कधीतरी कोणी उष्णतेचा पत्रा काढला होता आणि परत बसवताना वायर धरून ठेवणारी चिमटी लावलीच नव्हती. वायर पट्टीवर घासत राहिली, वरचे आवरण फाटले, आत पाणी गेले, तांबे हिरवे होऊन दोन-चार तारांवर जोडणी तग धरून होती. काकांनी खराब तुकडा कापून उष्णता सोसणारी नवी वायर जोडली, वर नळी चढवली, चिमटी लावली. तासाभराचे काम. त्या दिवसापासून तो दिवा लागलेला नाही.

मग काढून टाकलेल्या दोन्ही सेन्सरांची तपासणी झाली. एक गाडीबरोबर आलेला मूळचा, दुसरा विकत घेऊन पुन्हा काढलेला. मल्टीमीटर लावला. थंड हवेत दोघेही सुमारे दोनशे बारा ओम दाखवीत होते. काकूंनी चहासाठी ठेवलेल्या उकळत्या पाण्यात टोक धरले, तर आकडा हळूहळू चढत पावणेतीनशेच्या घरात गेला. प्लॅटिनमच्या ह्या जातीच्या सेन्सराने असेच वागायला हवे. दोन्ही धडधाकट. काकू मात्र चिडल्या, आणि ते पाणी फेकून नवे ठेवले.

वाचकांपैकी कोणी घरी मीटर लावून पाहणार असेल तर एक सावधगिरी सांगतो. दुसऱ्या जातीचे जे सेन्सर आहेत, ज्यांचा अडथळा तापल्यावर कमी होतो, ते थंडीत इतका मोठा अडथळा दाखवतात की स्वस्त मीटरला ते तुटलेलेच वाटतात. अशा सेन्सराला गरम हवा देऊन आकडा खाली येतो का ते पाहिल्याशिवाय त्याला मेला म्हणू नये. आणि अगदी नव्या काही गाड्यांत सेन्सराच्या वायरीतच लहानसे संगणकी खोके असते. तेथे पिना जोडण्याचा काकांचा प्रयोग करू नये.

सेन्सर कधी बिघडतच नाही असे आमचे म्हणणे नाही. रोज तापणे आणि निवणे ह्याने त्याच्या टोकाला चिरा पडतात, आतली तार तुटते. हा भाग पुष्कळदा जातो, हे काकाही म्हणतात. कधी सेन्सर खरेच बोलत असतो आणि धूरच जास्त तापलेला असतो, कारण टर्बोची हवा कोठे गळते किंवा डिझेल सोडणारे इंजेक्टर नीट बंद होत नाही. तेथे सेन्सर बदलणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फेकून देणे. ह्या साऱ्या शक्यतांत निवड करायची तर मोजण्यावाचून गत्यंतर नाही, आणि नेमके तेच आपल्याकडे कोणी करीत नाही. शिवाय गंजलेला सेन्सर काढताना त्याचे आटे मोडले तर नळीचाच खर्च अंगावर येतो. म्हणजे विनाकारण बदलणे हे नुसते पैसे वाया घालवणे नाही, त्यात गाडीचे नुकसानही होऊ शकते.

आता ह्या प्रकरणातील ज्या गोष्टीने आम्हांला खरा संताप आला ती सांगतो. दुसरा सेन्सरही चालला नाही तेव्हा त्या गॅरेजवाल्याने मेहुण्यांना तिसरा उपाय सुचवला होता. सेन्सर काढून टाकू, त्या जागी बोटाच्या पेराएवढा एक रेझिस्टन्स जोडू, संगणक फसेल, दिवा पुन्हा लागणार नाही. खर्चही नगण्य. मेहुणे जवळजवळ तयार झाले होते, आणि त्यांना दोष कसा द्यावा? पण हा उपाय म्हणजे पहारेकऱ्याच्या जागी पुतळा उभा करणे. संगणकाला सदासर्वकाळ एकच आकडा मिळणार. पुष्कळ गाड्यांत ही लबाडी पकडली जाते आणि दिवा परत लागतो. जेथे पकडली जात नाही तेथे अधिक वाईट. गाळणी जाळायला घेतली तर ती किती तापली हे कळणार नाही, जास्तीचे डिझेल सोडले जाईल, त्यातले काही इंजिनाच्या तेलात उतरून तेल पातळ होईल, गाळणी वितळूही शकेल. आणि ही गाडी उभी कोठे राहते? जून ते डिसेंबर ऊसतोडणीच्या दिवसांत शेताच्या कडेला, वाळलेल्या पाचटावर. चांगली गाडीसुद्धा गाळणी जाळत असताना वाळक्या गवतावर उभी करू नये. तेथे तापमानावर पहारा नसलेली गाडी उभी करून मागच्या बाकावर मुले झोपवणाऱ्या बापाला त्या रेझिस्टन्सची किंमत कोणी सांगितली होती काय? म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की असे काम सुचवणाऱ्याकडून गाडी त्याच क्षणी परत घ्यावी, मग तो आपला शेजारी असो की नातेवाईक.

मात्र सारे पाप गॅरेजवाल्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. त्याची बाजू आम्ही ऐकली आहे. आमच्याच एका माजी विद्यार्थ्याचे छोटे गॅरेज आहे. तो म्हणाला, "सर, डब्यातला नवा भाग हातात ठेवला की लोक मुकाट्याने पैसे देतात. दोन तास तपासलं आणि एक वायर जोडली म्हणून तेवढेच पैसे मागितले तर म्हणतात, एका वायरचे इतके?" हे खोटे नाही. आपण तसेच वागतो. मेहुण्यांनी दोन सेन्सरांचे पैसे कुरकुर न करता दिले, आणि काकांनी तपासणीचे पैसे सांगितले तेव्हा त्यांचाही हात खिशापाशी क्षणभर थांबला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. जोवर आपण शोधण्याचे दाम द्यायला तयार नाही, तोवर आपल्याला भाग विकणारेच भेटणार. गाडी देतानाच सांगावे, की तपासणीचा एक तास आम्ही वेगळा देऊ, पण बदलण्याआधी काय मोजले आणि किती भरले ते कागदावर लिहून द्या. आणि काढलेला भाग परत मागावा. आपण दाम मोजलेला तो भाग आपला आहे, तो मागण्यात कसला अपमान?

ह्याच ओघात आणखी एक गोष्ट बोलतो, ती आमच्या धंद्याची आहे. २०१६ नंतर सी.पी.ई.ची परीक्षा गेली, पण आपल्या मनातली रांग गेली नाही. अभ्यासात पहिला तो डॉक्टर, मधला तो सरकारी कचेरीत, आणि जो कशातच बसत नाही तो गॅरेजात. प्रशिक्षण महाविद्यालयात असताना आम्हांलाही मंद मुलाला हाताचे काम द्यावे असेच शिकवले गेले होते. काकांच्या अंगणात आम्ही जे पाहिले त्यात मंद काही नव्हते. एक शक्यता घ्यायची, ती खोटी ठरेल असा प्रयोग मांडायचा, उरेल ते धरायचे. विज्ञानाच्या तासाला आम्ही फळ्यावर लिहितो ते हेच. एम.आय.टी.डी.मध्ये मोटारगाड्यांचे शिक्षण मिळते. तेथे आपल्या घरातला हुशार मुलगा पाठवायला आपण लाजतो, आणि मग दिवा लागला की हुशार मेकॅनिक शोधत गावभर फिरतो. मुलीही तेथे का जाऊ नयेत, हे तर आम्हांला कोणी समजावून सांगितलेच नाही.

भाचा त्या दिवशी घरी येताना गाडीत एकच प्रश्न विचारीत होता, की संगणक पाचच व्होल्ट का देतो, बारा का नाही. आम्हांला उत्तर आले नाही. काकांना विचारून ये म्हटले, तर दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो खरोखरच गेला, आणि आता दर शनिवारी जातो. आजीचा विरोध आहे, कपडे काळे होतात म्हणून.

दोन्ही चांगले सेन्सर मेहुण्यांनी कापडात गुंडाळून डॅशबोर्डच्या खणात ठेवले आहेत. दोघांवर चिकटपट्टी लावून तीवर मार्करने आकडा लिहिला आहे : २१२.